खांबाजवळचं स्टूल

डोळे पुसायला मी खिशातून रुमाल काढला आणि रुमालाबरोबर सिनेमाचा पास बाहेर आला. पडला तोही नेमका दिव्यासमोर. अकोल्याला जठारपेठेत, माझ्या थोरल्या मेहुण्यांच्या घरी, भिंतीला पाठ लावून माणसं गप्प बसली होती. आम्ही पोचेस्तोवर सगळं उरकलं होतं, आणि आता जावयानं दोन अश्रू ढाळावेत अशी एक शांतता तयार झाली होती. त्या शांततेत तो गुलाबी पुठ्ठा. त्यावर ठळक अक्षरांत ‘चित्रपट सप्ताह, अमरावती’. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तो उचलला, हात लांब करून वाचला आणि म्हणाले, “जवाईबुवा सरळ टाकीजमधूनच आले वाट्टे.” कुणी हसलं नाही, म्हणजे परिस्थिती किती वाईट होती पाहा. मी घाईनं खुलासा करायला गेलो, “नाही, नाही, हा माझा नाही, हा यांचा आहे,” आणि बोट दाखवलं ते हार घातलेल्या फोटोकडे. आता मात्र सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकांच्या बाजूनं आमचं कुटुंब उठलं, त्या म्हाताऱ्यांच्या हातातून पास घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि परत जाऊन बसलं. बोलली काहीच नाही. आमच्याकडे ती बोलत नाही तेव्हाच मी घाबरतो.

पण पास खरोखरच दादांचा होता. नीळकंठराव त्यांचं नाव. हिचे, म्हणजे शांतीचे, थोरले भाऊ म्हणून हिचे दादा, आणि हिचे म्हणून माझेही. सप्ताह पंधरवड्यावर आला होता. मी मंडळाचा सहकार्यवाह, म्हणजे खुर्च्या मांडणारा. त्या दिवशी पास हातात आले आणि पहिला दादांचा बाजूला काढून खिशात टाकला. घरी आलो तर दारात तारवाला उभा... कोट तोच राहिला अंगात, पास खिशातच.

दादा अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, काट्यावर होते. कापसाच्या गाड्या आल्या की वजन पाहायचं आणि हाळी देऊन सांगायचं. त्यांना सगळे काटेबाबू म्हणत. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, दुसरं लग्न करा म्हणणाऱ्याला ते सिनेमाला घेऊन जात. म्हणजे तो विषय बंद होई. मला हे ठाऊक नव्हतं. पन्नास सालानंतर लगेचच आमचं लग्न झालं आणि दिवाळसणाला मी अकोल्याला गेलो, तेव्हा अंगठीची थोडी आशा मनात होती. पाडव्याच्या दुपारी दादा म्हणाले, “जवाईबुवा, चला, तुमाले ओवाळणी देतो,” आणि मला मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात नेऊन एका थेटरात बसवलं. चित्र सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की शेजारी बसलेला माणूस पडद्यावरच्या माणसांच्या आधी बोलतोय. नट तोंड उघडायच्या आत दादांचं उत्तर तयार. मी आजूबाजूला पाहून शरमलो. मध्यंतरात चहा पिताना म्हणालो, “दादा, आपण हे पूर्वी पाहिलंय वाटतं?”

“नाही बा. पह्यलाच खेळ हाये.”

“मग बोलणं आधीच कसं ठाऊक?”

“माणूस काय बोलन ते तोंडावर दिसते नं,” ते म्हणाले. “तोंड वाचाले कान लागत नाहीत.”

मग त्यांनी तंबूची गोष्ट सांगितली. मूकपटांच्या काळात उन्हाळ्यात मोर्णेच्या वाळूत तंबू पडे. पडद्यावर मधूनमधून लिहिलेल्या पाट्या येत, आणि समोर वाळूत बसलेल्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नसे. म्हणून पाट्या मोठ्यानं वाचायला एक माणूस लागे. हे काम विशीच्या आत दादांनी मिळवलं होतं. पाटी फार छोटी वाटली तर स्वतःकडचं घालत, लांबली तर कापत. नायिका रडू लागली की आवाज बारीक करत. “तवा सिनेमाले तोंड नव्हतं, जवाईबुवा. माहं तोंड होतं.” पुढे बोलपट आले आणि मालकानं सांगितलं, उद्यापासून नको. दादा जिनात लागले. मला ती गोष्ट तेव्हा गमतीची वाटली. अंगठी नंतर मिळाली नाहीच.

आमच्या अमरावतीला चित्रपट मंडळ निघालं ते साठच्या आसपास. काही प्राध्यापक, काही वकील, आणि खुर्च्या मांडायला मी, इंग्रजीचा मास्तर. वर्षातून एकदा, संक्रांतीनंतर थंडी असेतोवर, एक टॉकीज सकाळच्या वेळी भाड्यानं घ्यायची आणि परदेशी चित्रं दाखवायची. पत्र्याच्या पेट्यांतून ती मुंबईहून बडनेरा स्टेशनला येत, तिथून मी त्या टांग्यात घालून आणी आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला पेटीत काय आहे ते विचारायला लावी. बोलणं कुठल्या कुठल्या भाषांतलं, खाली इंग्रजी ओळी. सभासदत्व जोडीचं, म्हणून बायकाही आल्या. त्यांतल्या बहुतेक जणी त्या ओळी वाचू शकत नव्हत्या, पण याचा विचार आम्ही घटनेत कुठं केला नव्हता. पहिल्या दिवशी ही माझ्याशेजारी बसली. दर दोन मिनिटांनी विचारी, “काय म्हणते तो?” आणि मी म्हणे, “शू... घरी गेल्यावर सांगतो.” घरी गेल्यावर मी तिला दिग्दर्शनाविषयी सांगितलं. तिनं भात जरा जास्तच आदळून वाढला.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून दादा आले. जिनाचा हंगाम भरात, तरी कुणाला तरी काट्यावर बसवून सकाळच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला आणि तिथून अमरावतीला. ते हिच्या दुसऱ्या बाजूला बसले. चित्र सुरू झालं. एक श्रीमंत बाई नोकराला उद्देशून, आपण कृपा करून आम्हाला थोडा वेळ एकांत द्यावा, अशा अर्थाचं लांबलचक वाक्य बोलली. ही म्हणाली, “काय म्हणते ते?” आणि दादा म्हणाले, “जाय रे भौ, जाता जाता दरवाजा लोटून घे.” पाठीमागच्या रांगेतली एक बाई फिसकन हसली. दादांचं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, आणि मॅट्रिकही एकदा अडलेलं. पण त्यांना थांबवायला ते पुरेसं नव्हतं. हळूहळू त्यांचा आवाज चढला. तंबूचाच आवाज तो. बर्फ पडायला लागला तेव्हा सगळ्या थेटराला ऐकू गेलं, “पाहा, रुई उडून राह्यली. जिनाचा दरवाजा कोनं उघडा ठेवला?”

आमचे अध्यक्ष वकील होते. मध्यंतरात त्यांनी मला बाजूला घेतलं. “मास्तर, हे मंडळ आहे, तंबू नव्हे. तुमचे पाहुणे गप्प बसणार असतील तर बसू दे.” आता बायकोच्या थोरल्या भावाला गप्प बसा असं सांगणं म्हणजे काय, हे ज्याला थोरला मेहुणा आहे त्यालाच समजेल. मी तीन-चार वळणं घेऊन सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं. “बरोबर हाये त्याइचं,” ते म्हणाले. “मंग मी बाहीर बसतो. तुमचं झालं की संगं जाऊ.” आणि खरंच जाऊन टॉकीजच्या पायरीवर उन्हात बसले. चित्र पाहायला एवढ्या लांबून आलेला माणूस. गप्प बसून पाहू शकले असते. मी तसं म्हटलंही. “नाही जमत, जवाईबुवा. तोंड बंद केलं का मले दिसतही नाही.” हिनं मध्यंतरानंतर आत येणं टाळलं. दोघं बहीणभाऊ पायरीवर बसून शेंगा खात होते, आणि मी आत एकटा, दोन रिकाम्या खुर्च्यांच्या शेजारी.

तोडगा काढला तो वकीलसाहेबांच्या पत्नीनं. हसलेली बाई तीच होती. तिनं घरी सांगितलं, की काटेबाबू बाहेर, तर मीही बाहेर; जोडीच्या सभासदत्वातून माझं नाव कमी करा. त्या टॉकीजला वर एक जुनी जनाना गॅलरी होती, लाकडी कठड्याची. बायका केव्हाच खाली बसू लागल्यामुळे ती धूळ खात पडली होती. कमिटीनं ठराव केला, की ज्या महिलांना वाचन ऐकायचं आहे त्यांनी वर बसावं, आणि नीळकंठरावांनी त्यांच्यामागे बसून ओळी वाचाव्यात. अट एकच, वकिली: आवाज खाली ऐकू आला की सवलत रद्द, पास रद्द. दादांना मी अट सांगितली. वाळूतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज, काट्यावरून गाडीवानांना हाळी देणारा. तो कठड्याच्या आत ठेवायचा. पण ठेवला. हिनं सांगितलं, की अकोल्याला ते आरशासमोर बसून हळू बोलायची सवय करत. तो एक पास जाऊ नये म्हणून त्यांनी आयुष्यभराचा आवाज बदलला.

त्यानंतर वर्षानुवर्षं आमच्या सप्ताहात एक चमत्कार होई. खाली आम्ही विद्वान मंडळी ओळ वाचत असू, मनात तिचं भाषांतर करत असू, आणि हसायचं ठरवेपर्यंत पुढची ओळ येई. वर मात्र आधीच हशा पिकलेला. मग खालचेही हसत. काही ओळीला, काही नुसते वरच्यांच्या भरवशावर. वकीलसाहेबांनी एकदा तक्रार केली, की वर हसणं फार होतं. त्यांची पत्नी म्हणाली, “अट बोलण्याची आहे. हसण्याची कुठं लिहिलीय दाखवा.” तो विषय तिथंच संपला. आणि दादा तरी काय सांगत? एक तरुण नदीकाठी मुलीला पानभर काही तरी काव्यमय बोलला, तर दादांनी सांगितलं, “साधासुदा हाये पोरगा. पन कामधंदा काही नाही.” असं कुठल्याच ओळीत नव्हतं. चित्र अर्ध्यावर आलं तेव्हा तेच खरं निघालं.

मग दादांनी जिन सोडलं. “सेठचा पोरगा पाह्यते आता काटा,” एवढंच म्हणाले. ते सप्ताहाला येत तेव्हा ही त्यांना आणायला बडनेऱ्यापर्यंत जाऊ लागली. चालताना ते हिच्या खांद्यावर हात ठेवत. गॅलरीत त्यांचं स्टूल पूर्वी कठड्यापाशी असे, ते मागे खांबाजवळ गेलं. मला वाटलं, वय झालं, पाठ टेकायला बरं. मी मास्तर माणूस. समोरच्या बाकावरच्या पोराला फळा दिसत नाही हे मला त्याची आई येऊन सांगते तेव्हा कळतं. तर माझ्या घरात आठवडाभर राहणारा माणूस चहाचा कप हातानं चाचपून घेतोय, हे मला कशाला दिसेल?

गेल्या वर्षीची गोष्ट. मंडळात नवे सभासद झाले होते आणि त्यांना वरचा हा प्रकार गावठी वाटे. गॅलरी बंद करावी असं त्यांचं म्हणणं. वकीलसाहेब म्हणत, सवलत वाचनासाठी आहे, वाचन नीट चालू असेल तर बंद कशी करता येईल? एकदा पाहून या, मास्तर. मी चित्र चालू असताना हळूच वर गेलो आणि जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. समुद्रकाठचं गाव होतं. म्हातारा बाप दारात आला आणि मुलीला म्हणाला, मी नाव विकली. खाली ओळ स्वच्छ होती. पण दादा गप्प. मला दुसराच एक आवाज आला, हिचा, अगदी हळू: “म्हातारा आला, दादा. टोपी काढली. पोरीकडं पाह्यत नाही, खाली पाह्यते.” दादांनी मान हलवली आणि बायकांना ऐकू जाईल इतपत म्हणाले, “बाई, माह्या हातून एक गोष्ट होऊन गेली.” ही पुन्हा कुजबुजली, “खिडकीतून काठ दाखवला. काठावर नाव नाही.” आणि दादा: “नाव गेली आपली.”

समोर बसलेल्या बायकांपैकी एकीनं पदर डोळ्यांना लावला. ओळीत ‘विकली’ होतं, दादांनी ‘गेली’ म्हटलं. माझ्यातल्या मास्तरानं तांबडी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. मग मी दादांकडे नीट पाहिलं. त्यांचं तोंड पडद्याकडे नव्हतंच. कान हिच्याकडे करून ते खांबाला टेकून बसले होते, आणि त्या स्टुलावरून, खांब मधे येत असल्यामुळे, पडदा अर्धाच दिसला असता. वकीलसाहेबांच्या पत्नीनं मागे वळून पाहिलं. मला पाहिल्यावर तिनं तोंडावर बोट ठेवलं. म्हणजे वर सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त खाली, सुशिक्षितांना आणि मला.

चित्र संपल्यावर आम्ही तिघं अंबापेठेतून घराकडे चालत होतो. ही भाजी घ्यायला थांबली तेव्हा दादा म्हणाले, “जवाईबुवा, तुमी वर आलते. बूट वाजला तुमचा.”

“हो.”

“कमिटीले सांगसान?”

“काय सांगायचं?”

“का काटेबाबूले काटा दिसत नाही.” ते शांतपणे बोलत होते, भाव विचारावा तसे. “डॉक्टर म्हणते, काचबिंदू हाये, आता काही होत नाही. शांतीले मीच म्हटलं, कोनाले सांगू नको. सवलत वाचाची हाये. मी वाचत नाही, हे कळलं का पास जाईन. जाऊ द्या म्हटलं असतं... पन दुसरं काही राह्यलं नाही नं.”

मी विचारलं, “दिसतं तरी किती?”

“उजेड दिसते. हालतो तेवढा दिसते. अकोल्यात घरी बसलो तं उजेड हालत नाही.”

इतक्यात ही वांग्यांची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, “काय खलबत चालू हाये?” दादा म्हणाले, “काही नाही वो शांते, जवाईबुवाले वांगी आवडत नाहीत म्हन्ते.” त्या दिवशी मला वांगी न आवडणारा माणूस म्हणून नुसतं वरण मिळालं. दुपारच्या सभेत मी अहवाल दिला: वरचं वाचन उत्तम चालू आहे, आवाज खाली येत नाही, महिलांची उपस्थिती समाधानकारक. वकीलसाहेबांनी नोंद घ्या म्हटलं. यंदाचा पास मी स्वतः आधी बाजूला काढला तो यासाठी.

दादा गेले ते झोपेतच. शेजाऱ्यांनी सांगितलं, आदल्या दुपारी ओट्यावर बसून ते पोरांना कुठल्या तरी चित्राची गोष्ट सांगत होते... कुठल्या, ते पोरांना सांगता येईना. दिवसवार झाले, आम्ही अमरावतीला परतलो आणि सप्ताह आला. यंदा जायचं की नाही, मी हिला विचारलं नाही. पहिल्या सकाळी ती लुगडं बदलून तयार होती, पदराच्या टोकाला गाठ तशीच.

टॉकीजच्या दारात वकीलसाहेबांची पत्नी उभी. वर सगळ्या जणी येऊन बसल्या होत्या. “मास्तर, तुमचं इंग्रजी चांगलं आहे,” ती म्हणाली. “आता तुम्हीच वाचा.” खरं सांगायचं तर मला हे अपेक्षित होतं, आणि थोडा आनंदही झाला होता. आदल्या दिवशी मी कोश चाळून ठेवला होता. मी वर जाऊन दादांच्या स्टुलावर बसलो. खांबामुळे पडदा अर्धाच दिसतो हे विसरलो होतो. मग मान वाकडी करून वाचू लागलो. एकही ओळ सोडली नाही. जे जसं होतं ते तसं, शुद्ध मराठीत, कर्ता-कर्म-क्रियापदासह. ‘मी आपणांस वचन देते की मी आपली प्रतीक्षा करीन.’ पंधरा-वीस मिनिटांनी एका बाईनं पिशवीतून विणकाम काढलं. दुसरी पाणी प्यायला गेली ती मध्यंतरापर्यंत आली नाही. वर कुणी हसलं नाही, रडलं नाही. एके ठिकाणी खालचे हसले आणि वरच्या सगळ्या बायकांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मीच काही तरी लपवून ठेवल्यासारखं. ही माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती, दादांच्या वेळी बसे तशीच. चित्रभर एक शब्द बोलली नाही. तिनं ज्याला सांगावं असं कुणी नव्हतं. मला दिसत होतं.

परत येताना आम्ही अंबापेठेतून चालत होतो. भाजीवालीपाशी ती थांबली, वांगी घेतली, आणि पुढे निघाल्यावर म्हणाली, “उद्या तुमी खाली बसा.”

“आणि वाचणार कोण?” मी म्हटलं. “तुला कुठं इंग्रजी येतं?”

“वाचाचं कोनाले हाये? दोन वर्सं मीच तं पाहून राह्यलो होतो. आता बोलनंही मीच करतो,” ती म्हणाली. पदराची गाठ सोडून तिनं पास माझ्या हातात दिला. “याच्यावर माहं नाव टाकून आना. अन् ते स्टूल खांबापासून पुढं ओढून ठेवा. तिथून पडदा दिसत नाही.”